सौंसरचं लायसन

कवडू मिस्त्रीले कोणी मजूर म्हटलं का माह्या तळपायाची आग मस्तकात जाये. मजूर म्हणजे कमी असं नाही, माहा बाप मजूरच होता. पण जो माणूस पायापासून गच्चीपर्यंत आख्खं घर उभं करते, त्याले मिस्त्री म्हणताना तुमची जीभ काहून झिजते? नागपुरात तो बरीच वर्षं राह्यला, कितीतरी घरं बांधली, अन् एकाही घरावर त्याचं नाव नाही. हजेरीच्या कागदावर तो शेवटपर्यंत मजूर.

मी प्रेमिला. नागपुरातल्या इंदोऱ्यात माहं सेंट्रिंगच्या सामानाचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, अन् त्यात लोखंडी प्लेटा अन् लाकडाच्या बल्ल्या. स्लॅब टाकायच्या आधी खालून जो आधार लावते नं, ते सामान मी भाड्यानं देते. काँक्रीट पक्कं झालं का मिस्त्री सामान काढून परत आणून देते. नवरा गेला तेव्हा नातेवाईक म्हणे, बाईमाणसानं लोखंडाचा धंदा काहून करावा, विकून टाक. मी म्हटलं, तुमच्या बापाचं काय जाते? अन् चालवला धंदा. आजही चालवते.

मिस्त्री लोक मी पुष्कळ पाह्यले. गोड बोलून प्लेटा गायब करणारे पाह्यले, ‘ताई, ताई’ करत बल्ल्या जाळून चहा करणारेही पाह्यले. कवडूभाऊ पहिल्यांदा सामान परत घेऊन आला तेव्हा मी प्लेटा उलटून पाह्यल्या. साऱ्या खरवडलेल्या, पुसलेल्या, वरून तेलाचा हात फिरवलेला. मी म्हटलं, काय गा, लग्नात द्यायच्या आहेत का ह्या? तो लाजला. म्हणे, “ताई, दुसऱ्याची वस्तू आहे, जशी नेली तशी आणाले पाह्यजे.” तेव्हापासून त्याचं-माहं जमलं. त्याची बायको वंदना कधी शेडमधी येऊन बसे, मी चहा टाके, अन् त्या घरच्या साऱ्या गोष्टी मले माहीत होऊन गेल्या.

कवडूभाऊ सौंसरचा. सावनेरच्या समोर गेलं, सरहद्द ओलांडली, का आलंच सौंसर. तिथं मराठीच बोलते. इकडे संत्र्याचे बगीचे, तिकडेही संत्र्याचे बगीचे. माती तीच काळी, उन्हाळ्यात फाटणारी अन् पावसाळ्यात फुगणारी, घराच्या पायाले तोच त्रास देणारी. पण रस्त्यावर पाटी लागली आहे, म्हणून तिकडचं ते मध्यप्रदेश. कवडूच्या आजाच्या काळात तर दोन्हीची राजधानी नागपूरच होती. ज्या साली आमच्या घरच्यायनं बाबासाहेबायसंग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच सालात ही सरहद्द हलली. माही आजी म्हणे, त्या वर्षी आपण आपल्या मनानं बदललो, अन् सौंसरवाल्यायले न विचारता बदलवून टाकलं.

तिकडे कवडूनं आयटीआय केलं होतं. मंग मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली काम करून सुपरवायझरचं लायसन काढलं. घर बांधताना साइटवर उभं राहाचं, काम नियमानं होऊन राहिलं का नाही ते पाहाचं, अन् त्याच्यावर आपल्या नावानं सही करायची, त्याचं ते लायसन. तिकडे त्याच्या नावाची पाटी साइटवर लागे. मंग तिकडचं काम कमी झालं, इकडे वंदनाची माय खाटेले खिळली, तिले पाहाले दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ते नागपुरात आले. कवडूले वाटलं, लायसन आहे, हातात काम आहे, नागपुरात का कमी आहे?

आला तसाच तो लायसन घेऊन बांधकामाच्या सरकारी ऑफिसात गेला. तिथले साहेब चांगले होते म्हणे, बसाले खुर्ची दिली. लायसन इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं, अन् परत त्याच्या हातात दिलं.

“हे मध्यप्रदेशचं आहे. इथं चालणार नाही.”

“साहेब, वीट तं तीच आहे.”

“वीट तीच असेल, नियम वेगळे आहेत.”

मंग साहेबानं सांगितलं का इथलं नवीन काढाले लागन. त्याच्यासाठी इथल्याच एखाद्या लायसनवाल्याच्या हाताखाली इतकी वर्षं काम केल्याचा दाखला आणा. तिकडचा अनुभव? तो तिकडचा. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! गाडी चालवाचं लायसन सरहद्दीवरून आरामात इकडे येते, अन् घर बांधाचं तिथंच अटकते. मले हे आजही समजलं नाही, अन् मले समजावाले कोणी आलं तं त्याले मी शेडच्या बाहेर काढीन.

तं कवडू गेला कृष्णकांत साहेबाकडे. कृष्णकांत साहेब म्हणजे इथला लायसनवाला इंजिनिअर. माणूस काही राक्षस नाही, हे पहिलेच सांगून ठेवते, नाहीतं तुम्ही म्हणसान प्रेमिलानं सारं त्याच्यावरच ढकललं. सणाले मजुरायले मिठाई पाठवणारा माणूस. पण त्याची कामं होती ढीगभर, अन् तो एकटा. तं आमच्या धंद्यात जे चालते तेच त्यानं केलं. पाटी कृष्णकांतची, सही कृष्णकांतची, अन् साइट चालवणार कवडू. कृष्णकांत साहेब महिना महिना फिरकत नसत. फोनवर विचारे, झालं का? कवडू म्हणे, झालं. संपलं.

कवडूले त्यानं सांगून ठेवलं होतं, “थोडी वर्षं काढ, दाखला मीच देतो. पण एक लक्षात ठेव. तपासणीले कोणी आलं तं समोर यायचं नाही. बिगर लायसनचा माणूस साइट चालवते असं दिसलं का माहं लायसन गेलं अन् तुहं तं येणारच नाही.”

दगडाखाली हात सापडल्यावर माणूस काय करन? कवडू हाव म्हणाला.

अन् तो कसा लपे, माहीत आहे? घमेलं घेऊन. रस्त्यावर सरकारी गाडी दिसली का मजुरायपैकी कोणी तरी हाक मारे, “गाडी आली!” का कवडूभाऊ हातातली ओळंबा-दोरी टाकून, शर्ट काढून, बनियानवर घमेलं उचलून मजुरायच्या लायनीत. साऱ्या टोळीले त्यानं शिकवून ठेवलं होतं का साहेब साइटवर असला का साहेबाचंच ऐकाचं, माह्याकडे पाहाचं नाही, मले काही विचाराचं नाही. तेवढ्या वेळापुरता मी तुमच्यासारखाच.

त्याच्या टोळीत पार्वतीबाई होती. रेजा. आमच्याकडे विटा-गिट्टी वाहणाऱ्या बाईले रेजा म्हणते. तीही सौंसरकडचीच, कवडूच्या मांगंच इकडे आली होती. जीभ अशी तिखट का विचारू नका. कवडू डोक्यावर घमेलं घेऊन उभा राह्यला का ती हळूच म्हणे, “मिस्त्री, घमेलं सरळ धरा गा, आम्हा मजुरायची इज्जत जाते.” सारे तोंड दाबून हसे. कवडूही हसे. मी एक डाव हे पाह्यलं, तं मले हसू नाही आलं. मले रडू आलं. एवढा जाणता माणूस, अन् आपल्याच बांधलेल्या भिंतीमांगं लपते.

मी त्याले म्हटलं, “कवडूभाऊ, सोड हे. सौंसरले जा परत.”

“आता काहून जाऊ ताई? आता तं होऊनच राहिलं. साहेब दाखल्यावर सही करतो म्हणाले. अर्ज देऊन ठेवला आहे. येत्या हप्त्यात बोलावलं.” अन् मंग मले म्हणे, “एक डाव माह्या नावाची पाटी लागू द्या, पहिला पेढा तुमच्या शेडात.”

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता का मले पुढचं बोलवलं नाही.

तेव्हा त्याचं काम चालू होतं शहराबाहेर, मिहानकडच्या एका लेआउटात. घर रुपराव मास्तरचं. शाळेतून रिटायर झालेला माणूस, जन्मभर भाड्याच्या घरात राह्यलेला. आता स्वतःचं घर होऊन राहिलं म्हणून रोज साइटवर खुर्ची टाकून बसे. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला, पुरा महिना झाला, तो पक्का झाला. मंग मास्तरच्या मनात आलं का रस्त्याकडच्या बाजूले गॅलरी पाह्यजे. सकाळचा चहा गॅलरीत प्यायचा म्हणे. बाप्पा, नकाशावर नव्हती ती! कवडूनं साहेबाले फोन केला, साहेब घाईत होते, म्हणाले टाकून दे, मी नकाशात घेतो. तं गॅलरी मांगून टाकली. त्याच्यासाठी वेगळ्या प्लेटा अन् बल्ल्या मीच पाठवल्या होत्या. जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले होते.

आता गॅलरी कशी असते? तिले समोरून खांब नसते. मांगच्या स्लॅबले धरून ती हवेत लटकते. ती पुरी पक्की होईपर्यंत खालच्या बल्ल्या हालवाच्या नाही, हे शेंबडं पोरगंही सांगन. कवडूनं मजुरायले बजावलं होतं का गॅलरीच्या बल्लीले हात लावाल तं हात तोडीन.

त्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेली होती, घरातल्या स्लॅबच्या प्लेटा आणाले. सकाळची वेळ. टेम्पो रस्त्याच्या कोपऱ्यावर वळला तेव्हाच मले सरकारी गाडी दिसली अन् तिच्या मांगं कृष्णकांत साहेबायची. शेजारच्यानं तक्रार केली होती म्हणे, मास्तरची गॅलरी रस्त्यावर येऊन राहिली. त्याची मोजणी कराले साहेब आले होते. अन् कोणते साहेब? ज्यायच्या टेबलावर कवडूचा अर्ज होता, तेच.

मी टेम्पो लांबच थांबवला, कारण गाड्यायनं रस्ता अडवला होता. मले तिथून आवाज येत नव्हता, दिसत मात्र सारं होतं. काय बोलणं झालं ते मंग मजुरायनं सांगितलं.

ऑफिसातले मोठे साहेब टेप घेऊन गॅलरीखाली गेले. दाट बल्ल्या लागल्या होत्या, भिंतीपासून सरळ माप घेता येत नव्हतं. ते म्हणे, ह्या काय मधात मधात? कृष्णकांत साहेबाले वाटलं, घराच्या स्लॅबचीच गोष्ट आहे. त्याच्या डोक्यात तारीख होती महिन्याखालची. गॅलरी मांगून टाकली हे त्यानं फोनवर ऐकलं अन् विसरला. तो म्हणे, “झालं साहेब, पक्कं आहे. काढा रे मधातल्या, साहेबायले माप घेऊ द्या.”

कवडू तिथंच उभा होता. डोक्यावर घमेलं, बनियान, लायनीत. मी त्याले पाह्यलं. त्याचं तोंड उघडलं. मी शप्पथ घेऊन सांगते, उघडलं होतं. मंग त्यानं मोठ्या साहेबाकडे पाह्यलं अन् ते बंद झालं.

काय आलं असन त्याच्या मनात? मी नंतर त्याले विचारलं नाही, पण मले समजते. हप्त्याभरात याच माणसाच्या समोर जाऊन बसाचं आहे. आज तोंड उघडलं तं ते विचारन, तू कोण? मजूर, तं तुले काय समजते? अन् मिस्त्री, तं कोणाच्या लायसनवर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच. त्यानं मजुरायकडे पाहून नुसती मान हालवली, नाही म्हणून. पण त्याच टोळीले त्यानं शिकवलं होतं ना, साहेब असला का माह्याकडे पाहाचं नाही! त्यायनं पाह्यलंच नाही. दोघं समोर झाले, खालच्या पाचरी ठोकल्या, अन् मधातल्या बल्ल्या काढून भिंतीले टेकवल्या.

काहीच झालं नाही. गॅलरी जशीच्या तशी. साहेबानं माप घेतलं, मास्तरले चार शब्द ऐकवले, कागदावर लिहिलं. दोन्ही साहेब गाड्यायकडे गेले. मोठ्या साहेबायची गाडी निघाली, अन् कृष्णकांत साहेब त्याले हात दाखवून आपल्या गाडीपाशी फोनवर बोलत उभा राह्यला.

तिकडे गाडी वळली, इकडे कवडूनं घमेलं फेकलं. तो आवाज तं मले टेम्पोपर्यंत आला. “बल्ल्या लावा! अबे, बल्ल्या लावा पहिले! धावा!”

सारे थबकले. साहेबाचं काम झालं, आता मिस्त्री पुन्हा मिस्त्री झाला, हे समजाले एक घडी लागते माणसाले. पार्वतीबाईले नाही लागली. ती सगळ्यात जवळ होती. तिनं भिंतीची बल्ली उचलली अन् गॅलरीखाली गेली. बल्ली उभी केली. ती तिरपी झाली म्हणून तिनं खांदा लावला.

अव माय वं! मी धरतीकंप कधी पाह्यला नाही, पण माह्या पायाखालची जमीन हालली. धूळ बसाले किती वेळ लागला मले माहीत नाही. धुळीतून कवडू दिसला. दोन्ही हातानं काँक्रीट उपसून राहिला होता, नखं निघालेली, अन् “पार्वतीबाई, वं पार्वतीबाई” एवढंच म्हणून राहिला होता. मास्तर खुर्चीतून उठलाच नाही. तो नुसता वर पाहून राहिला होता, जिथं गॅलरी होती तिथं.

तिले काढलं तेव्हा ती गेलेली होती. मी माह्या लुगड्याचा पदर तिच्या तोंडावर टाकला. दुसरं काय करणार होती मी!

पोलीस आले, पंचनामा झाला, माह्या प्लेटाही जप्त झाल्या. मोठ्या साहेबायनं आपल्या कागदात एवढंच लिहिलं का मी माप घेतलं अन् गेलो. खोटं काय आहे त्यात? कृष्णकांत साहेबाले ठाण्यात बोलावलं, तो वकील घेऊन गेला. मजुरायचे बयान दुसऱ्या दिवशी होणार होते. हजेरीत कवडू मजूर, तं त्यालेही मजुरायसंगच बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत साहेब माह्या शेडात आला. कवडू अन् वंदना तिथंच बसले होते, घरी जीव लागत नाही म्हणून. साहेबाचा चेहरा उतरलेला होता, ते मी कबूल करते. रात्री झोपला नसन. तो माह्या लोखंडी पेटीवर बसला.

मंग म्हणे, “कवडू, जे झालं ते झालं. आता आपण दोघंही बुडून काय फायदा? बल्ल्या मी काढाले लावल्या, ते साहेबायसमोर झालं, तेव्हा काही पडलं नाही. मंग ती बाई आपल्याच मनानं आत गेली. कोणी सांगितलं नव्हतं तिले. तू मजूर, तू पाह्यलं, एवढंच बोल. वकील म्हणते, अपघात म्हणून निघून जाईन.”

कवडू जमिनीकडे पाहून राहिला होता.

साहेबानं खिशातून कागद काढला अन् त्याच्या मांडीवर ठेवला. “हा तुह्या अनुभवाचा दाखला. सही केली आहे मी. हे प्रकरण तुह्या नावावर आलंच नाही, तं अर्जाले काहीच होत नाही. लायसन मिळन तुले. मी शब्द देतो.”

माहा भडका उडाला. मी म्हटलं, “साहेब, तुम्हाले लाज वाटते का थोडी? तिचा पोरगा रजत शवागाराबाहेर उभा आहे. त्याले काय सांगसान? तुही माय येडी होती, आपल्या मनानं मराले गेली?”

“प्रेमिलाबाई, मेलेल्या माणसाले काय फरक पडते?”

“अन् तिच्या पोराले? तिचीच चूक म्हटल्यावर त्याच्या हातात काय येईन?”

मी अजून बोलणार होती, पण वंदना मधातच बोलली. “घ्या ना हो तो कागद. इतकी वर्षं काढली तुम्ही. घ्या ना.” मले तिचा राग नाही आला. तिच्या ठिकाणी मी असती तं मीही हेच म्हणाली असती. खाटेवर माय, घरात एक कमावता, अन् समोर जेल. नवरा वाचवाले कोणती बाई खोटं बोलणार नाही?

कवडूनं दाखला उचलला. वाचला. पुरा वाचला, खालच्या सहीपर्यंत. मंग घडी करून साहेबाच्या हातात परत दिला.

“साहेब, मी आवाज दिला म्हणून ती गेली. तिनं माहं ऐकलं.” अन् मंग म्हणे, “आधी तोंड उघडलं असतं तं आवाज द्यायचं कामच पडलं नसतं. तेव्हा मी लायसन पाह्यलं.”

वंदना रडाले लागली. साहेब उठून गेला. जाताना दाखला तो पेटीवरच ठेवून गेला, का विसरला, देव जाणे. मी तो चुलीत टाकला.

ठाण्यात मी संग गेली, प्लेटायचा बयान मलेही द्यायचा होता. वंदना बाहेरच्या बाकड्यावर बसली. आत टेबलावर एक अधिकारी होता. त्यानं हजेरीचा कागद पाह्यला अन् कवडूले म्हणे, “कवडू... मजूर. बोल, काय पाहिलं?”

“साहेब, मी मजूर नाही. साइट मी चालवत होतो. बल्ल्या काढू नये हे मले माहीत होतं अन् मी बोललो नाही. नंतर तिले आत मी पाठवलं.”

अधिकाऱ्यानं मान वर केली. त्याले वाटलं कोणी तरी गरीब माणूस शिकवून पाठवला आहे, साहेबाचा गुन्हा अंगावर घ्याले. असे पुष्कळ येत असन त्याच्याकडे. तो जवळ जवळ प्रेमानं म्हणे, “कोणी सांगितलं असं बोलायला? इथे लिहिलंय मजूर. इंजिनिअर ते कृष्णकांत आहेत. मजुराच्या सांगण्यावरून कोणी आत जातं का? घाबरू नको, खरं सांग.”

“खरंच सांगून राहिलो साहेब.”

“तुझ्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवू?”

मी त्याच्या मांगं उभी होती. मले वाटलं, आता तरी हा गप बसन. अजूनही वेळ होती. हात दाखवून अवलक्षण कोण करते! त्याची बाही ओढाले मी हात समोरही केला.

त्यानं थैलीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यातून सौंसरचं लायसन काढलं अन् टेबलावर ठेवलं. “मी लायसनवाला मिस्त्री आहे साहेब. सुपरवायझर. गॅलरीले किती दिवस लागते, ते मले माहीत आहे. म्हणून माही चूक मोठी आहे.”

अधिकाऱ्यानं लायसन उचललं. फोटो पाह्यला, कवडूकडे पाह्यलं. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, शिक्का पाह्यला. त्याचा चेहरा बदलला. आता समोर गरीब मजूर नव्हता.

“अच्छा. म्हणजे तुम्ही लायसनधारक आहात.” तू चा तुम्ही झाला होता. “म्हणजे सगळं कळत होतं तुम्हाला.”

“हाव साहेब.”

“लिहा,” तो शेजारच्या शिपायाले म्हणे. “कवडू, व्यवसाय परवानाधारक बांधकाम सुपरवायझर. परवाना क्रमांक घ्या याच्यावरून. झेरॉक्स जोडा.”

शिपायानं नंबर लिहून घेतला. कोणत्या राज्याचं आहे, हे ना त्यानं विचारलं ना साहेबानं. कवडू टेबलाले धरून उभा होता. त्याच्या सोललेल्या बोटायवर मी हळद लावून दिली होती, ती टेबलाले लागून राहिली होती.

मी बाहेर आली. बाकड्यावरून वंदना उठली. कवडूनं लायसन संग आणलं, हे तिले माहीत होतं. दोन पावलं समोर आली अन् तिथंच थांबली, जसं काही जवळ आली नाही तं ऐकाले लागणार नाही.

“काय म्हणे ते? नाही मानलं ना? मध्यप्रदेशचं आहे म्हणून नाही चाललं ना?”

“चाललं वं,” मी म्हटलं.